हिट गाणी संपली, मक्ता संपला नाही

गणपती विसर्जन झालं की सोलापुरात दोन वाद उठतात. पहिला डीजेच्या भिंतींचा. तो व्हायलाच हवा, कारण त्यात लोकांच्या कानांचा आणि घराघरांतल्या आजारी माणसांचा प्रश्न आहे. दुसरा वाद पहिल्याच्या आडून येतो आणि तो फार भोंगळपणे लढवला जातो. यंदा मिरवणुकीत नवं म्हणावं असं गाणंच नव्हतं, सगळी जुनीच वाजली, आताशा गाणी हिट होतच नाहीत, असं कुणीतरी म्हणतं आणि तिथून दोन फळ्या पडतात. एका फळीच्या मते लिहिणाऱ्यांची कुवत आटली, चाली बांधणाऱ्यांची साधना संपली आणि पोरांचे कान मोबाइलने बिघडवले. दुसऱ्या फळीत बहुतेक पंचविशीच्या आतले. ते म्हणतात, बरंच झालं. साऱ्या गावाने एकच गाणं ऐकायचं ही जबरदस्ती संपली, ज्याला जे हवं ते तो ऐकतो, संगीतात खरी लोकशाही आता आली.

माझ्या मते दोन्ही फळ्या चुकीच्या जागी उभ्या आहेत. सगळ्यांच्या तोंडी बसणारं गाणं पूर्वी घडायचं ते ऐकण्याच्या वाटा मोजक्या होत्या म्हणून. अभिरुचीच्या चढ-उताराशी त्याचा संबंध फार थोडा. वाटा वाढल्या आणि तसं गाणं दुर्मीळ झालं, याचं फार दुःख करावं असं मला वाटत नाही. पण वाटा वाढल्या म्हणजे सत्ताही वाटली गेली, हा दुसऱ्या फळीचा समज पहिल्या फळीच्या तक्रारीपेक्षा जास्त नुकसान करतो. गाणी विखुरली, पैसा आणि लोकांचं लक्ष विखुरलेलं नाही. या दोन टोकांच्या मधे जो कलावंत होता, गावाला माहीत असलेला आणि गावावर जगणारा, तो या वादात कुणाच्याच बोलण्यात येत नाही.

आधी जुन्या दिवसांबद्दल. रेडिओवरच्या हिंदी गाण्यांचा जो सुवर्णकाळ म्हणून सांगितला जातो, त्याचा जन्म कसा झाला ते पाहण्यासारखं आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना इतकी कात्री लावली आणि निर्मात्यांशी इतकं बिनसलं, की ती गाणी तिथून जवळपास नाहीशी झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सरकवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी 3 डिसेंबरला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज घराघरांत पोचला आणि यंदा कोणतं गाणं कितव्या पायरीवर, यावर देशभर पैजा लागू लागल्या. अखेर 1957 मध्ये विविध भारती काढून सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणजे हिंदी गाण्यांना हिट करणारं देशातलं सगळ्यात ताकदवान यंत्र एका बंदीतून, एका टंचाईतून जन्माला आलं. आठवड्यातून एक संध्याकाळ, एक केंद्र, एक निवेदक आणि मोजकी गाणी. अख्खा देश तेवढंच ऐकणार असेल तर त्यातलं एखादं सगळ्यांच्या ओठावर येणारच. त्या काळच्या गीतकार-संगीतकारांची प्रतिभा खरी होती, तिच्यापुढे मी आजही नतमस्तक आहे. पण त्याच प्रतिभावंतांची पायरी न चढलेली गाणी किती, याचा हिशेब कोण ठेवतो? सत्तर वर्षांच्या चाळणीतून उरलेली पन्नास गाणी एका बाजूला आणि गेल्या आठवड्यात आलेलं सगळं दुसऱ्या बाजूला, अशी तुलना कुठल्याही पिढीवर अन्याय करणारीच ठरेल.

तबकड्यांचीही गोष्ट वेगळी नाही. ग्रामोफोन कंपनीचा, म्हणजे आपल्या एचएमव्हीचा, कारखाना कलकत्त्याजवळ डमडमला. 1970 च्या आसपास पॉलिडोर येईपर्यंत तिला या देशात तोलामोलाचा प्रतिस्पर्धी नव्हता. कुणाचा आवाज तबकडीवर उतरायचा हे मूठभर माणसं ठरवायची. त्यांनी उत्तम निवडलं, हे मान्य. पण हलगीवाल्याला, गोंधळ्याला, विड्या वळताना गाणाऱ्या बाईला त्या निवडीत जागा नव्हती. मग 1983 मध्ये गुलशन कुमार यांनी टी-सीरिज काढली, कॅसेट स्वस्त झाली आणि मक्ता मोडला. भीमगीतं, भारुडं, देवीची गाणी, आनंद शिंद्यांचा पोपट, हे सगळं त्या लाटेवर आलं. ज्यांना कधी कुणी स्टुडिओत बोलावलं नव्हतं त्यांचे आवाज एसटी स्टँडवर वाजू लागले. त्या काळातही सुशिक्षित घरांतून हेच म्हटलं जात होतं की आता संगीत संपलं. ते संपलं नाही. पण या गोष्टीचा पुढचा भाग दुसऱ्या फळीने नीट ऐकावा. कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन जुनी लोकप्रिय गाणी नव्या आवाजात गाऊन घेत आणि स्वस्तात विकत जी कंपनी मोठी झाली, तीच 2019 मध्ये यूट्यूबवर दहा कोटी सदस्यांचा टप्पा गाठणारं जगातलं पहिलं चॅनल झाली. मक्ता मोडणारा पुढचा मक्तेदार झाला. वाटा उघडल्या की त्या कायम उघड्याच राहतात, असं इतिहासात फारसं घडलेलं नाही.

गाणं हिट का होतं, यावर मतं पुष्कळ मांडली जातात, पुरावे क्वचित. एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी एक प्रयोग केला आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडांची 48 गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि चौदा हजारांहून जास्त लोकांना ऐकायला दिली. एका गटाला फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत वाटलं होतं आणि प्रत्येक गटाला आपल्या गटातल्या किती जणांनी कोणतं गाणं उतरवून घेतलं हे दिसत होतं. गाणी तीच, ऐकणारेही एकाच जातकुळीचे. तरी ज्या गटांत आकडे दिसत होते तिथे पहिल्या आणि शेवटच्या गाण्यातलं अंतर कितीतरी वाढलं, आणि वर आलेली गाणी गटागटांत वेगवेगळी निघाली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी टाकाऊ सहसा शिखरावर गेलं नाही. मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही होऊ शकत होतं. आपण ज्याला जनतेचा कौल म्हणतो, त्याचा बराचसा भाग आधी कुणी हात वर केला यावर ठरतो. मग कोणत्या पिढीची अभिरुची श्रेष्ठ, हे हिट गाण्यांच्या यादीवरून कसं ठरवणार?

तरीही पहिल्या फळीचा एक मुद्दा मला टाळता येत नाही, आणि सोलापुरात राहणाऱ्या कुणालाच तो टाळता येऊ नये. या शहरात घरात तेलुगू, दुकानात कन्नड, कचेरीत मराठी आणि रिक्षात दखनी, असं एकाच माणसाच्या एकाच दिवसात घडतं. अशा गावाला सगळ्यांना येणारं एखादं गाणं लागतं. 2016 च्या उन्हाळ्यात ते होतं. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा सैराट 29 एप्रिलला आला, आणि अजय-अतुल यांच्या झिंगाटवर साखर पेठेतली वरात आणि जुळे सोलापुरातली वरात सारख्याच नाचल्या. पुढच्या वर्षी तीच चाल कन्नडमध्ये गेली, त्याच्या पुढच्या वर्षी हिंदीत. आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघालेलं गाणं चारही भाषांच्या लोकांनी आपलं म्हटलं, हा आनंद खरा होता. एकत्र नाचलेली माणसं दुसऱ्या दिवशी एकमेकांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतात, यावर माझा विश्वास आहे.

यातच दुसरा मुद्दाही दडलेला आहे. सैराटच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण करण्यात आलं. मोठं यश शक्य असेल तेव्हाच कुणी एवढा खर्च करायला धजतं. बाजार हजार तुकड्यांत वाटला गेला तर प्रत्येक तुकड्याला परवडतो तो एक कीबोर्ड आणि एक लॅपटॉप. हे नुकसान मी लहान मानत नाही. साठ व्हायोलिनं एकदम वाजतात त्याला पर्याय नाही.

पण तारखा पाहा. सैराट एप्रिलमध्ये आला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं. स्वस्त डेटा हातोहाती पोचण्याच्या उंबरठ्यावर मराठीला तिचं हे एवढं मोठं सामाईक गाणं मिळालं. त्यानंतर सूर आटले असं काही झालेलं नाही. 2024 मध्ये संजू राठोडची गुलाबी साडी कुठल्याही चित्रपटाच्या आधाराशिवाय गावोगाव पोचली, देशाबाहेरही गेली. म्हणजे लाट येते, अजूनही येते. फरक इतकाच की ती आता बहुतेकांकडे रीलच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात पोचते. कितीतरी जणांना त्या गाण्याचा मुखडा पाठ आहे आणि अंतरा माहीत नाही. बांधून ठेवण्याचं काम असं अर्ध्या मिनिटाचं गाणं कितपत करील?

आणि खरं विचारायचं तर, गावाला बांधून ठेवण्याचं काम बाजारातल्या हिट गाण्याने कधी केलं होतं का? एखाद्या मोसमापुरतं केलं. त्याहून टिकाऊ असं जे सामाईक गाणं आपल्याकडे आहे, ते बाजाराने घडवलेलंच नाही. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. तिथे संमतीचे शब्द उच्चारले जातात आणि लाखांच्या गर्दीतून अक्षता पडतात. त्यात कुणाची मातृभाषा कोणती हे कुणी विचारत नाही. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते त्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचनं रचली, कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या नाममुद्रेने. या गावाचा काव्याचा सगळ्यात जुना ठेवा कन्नड आहे, आणि त्याच्यापुढे मराठी माणूस तितक्याच भक्तीने हात जोडतो. आषाढीला नातेपुते, वेळापूर, वाखरी करत दिंड्या पंढरपूरला जातात, तेव्हा जे अभंग गायले जातात ते कुणी हिट केले? शाहीर राम जोशी याच सोलापूरचे. त्यांच्या लावण्या तबकडीच्या शंभर वर्षं आधी महाराष्ट्रभर फिरल्या. माणसांनी एकत्र येण्याची ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि ते चालू ठेवणारी कुणीतरी संस्था असली की गाणं सामाईक होतं.

याचं विसाव्या शतकातलं सगळ्यात मोठं उदाहरण गीतरामायण. 1955 च्या रामनवमीला, 1 एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांनी ते सुरू केलं. वर्षाहून थोडा जास्त काळ दर आठवड्याला एक, अशी 56 गाणी. लोक रेडिओला हार घालत, शेजारपाजारी ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या ओसरीवर जमत. या 56 गाण्यांची मागणी बाजाराने नोंदवलेली नव्हती. एका सरकारी केंद्रातल्या जाणत्या माणसांनी आपल्या कवी-संगीतकारांवर वर्षभराचा विश्वास टाकला, एवढंच. गंमत अशी की मंत्रिपदी तेव्हा केसकरच होते. बंदी घालून त्यांच्या खात्याला जे साधलं नाही, ते त्याच खात्याच्या एका केंद्राने चांगलं काम करून घेऊन साधलं. आजही अभिरुची सुधारण्यासाठी अमुक गाण्यांवर बंदी घाला म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहावीत.

आता दुसऱ्या फळीकडे वळतो, कारण तिची बाजू पहिलीपेक्षा बळकट आहे. दसऱ्याआधी पूर्व भागातल्या तेलुगू बायका बतुकम्मा मांडतात, फुलांभोवती फेर धरतात. त्यांच्या आज्यांच्या तरुणपणी या सणाचं गाणं सोलापूरच्या बाजारात मागून तरी मिळालं असतं का? आज तेलंगणात दरवर्षी बतुकम्माची नवी गाणी निघतात आणि त्याच दिवशी इथल्या विडी कामगार वसाहतीत वाजतात. अक्कलकोटच्या खेड्यातला पोरगा कन्नड भजनं ऐकतो, मोहोळचा धनगरी ओव्या ऐकतो, आणि कुणाला परवानगी मागावी लागत नाही. ज्यांना जुन्या व्यवस्थेत कानच दिलेला नव्हता, त्यांच्यासाठी ही मुक्ती खरी आहे. हिटच्या आठवणी काढून रडणाऱ्यांना हे दिसत नसेल, तर ते रडणं ज्यांची भाषा तेव्हा रेडिओवर होती त्यांचं आहे.

हीच गोष्ट 2004 मध्ये अमेरिकेतले संपादक क्रिस अँडरसन यांनी सिद्धान्ताच्या रूपात मांडली. दुकानात माल मांडायच्या फळीला मर्यादा असते म्हणून हिट विकलं जातं. फळीच उरली नाही की मागणी लांबलचक शेपटीत पसरेल आणि हिटचं राज्य जाईल, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला फार आशादायक, आणि निम्मं खरं. फळी गेली. राज्य गेलं नाही. हार्वर्डच्या अनिता एल्बर्स यांनी 2008 मध्ये गाणी ऐकवणाऱ्या एका अमेरिकी सेवेची आकडेवारी तपासली, तेव्हा वरच्या दहा टक्के गाण्यांकडे 78 टक्के ऐकणं जात होतं, आणि अगदी वरच्या एक टक्क्याकडे 32 टक्के. त्यानंतरच्या काळात शेपटी आणखी लांबली, पण तिच्यात जीव आला नाही. ल्युमिनेट ही मोजणी करणारी संस्था सांगते की 2023 मध्ये जगभरच्या सेवांवर 18.4 कोटी गाणी होती आणि त्यातली 4.56 कोटी त्या वर्षात एकदाही ऐकली गेली नाहीत. एकदाही. ज्याला आपण लोकशाही म्हणतो तिथे कोट्यवधी उमेदवारांना स्वतःचंही मत पडलेलं नाही.

वरचं टोक मात्र उतरलेलं नाही. अमेरिकेत 2000 मध्ये एन सिंक या गटाच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात 24 लाख प्रती खपल्या, आणि इंटरनेट आल्यावर असा आकडा पुन्हा दिसणार नाही असं जाणकार सांगत राहिले. 2015 मध्ये अ‍ॅडेल या गायिकेच्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात जवळपास 34 लाख प्रती खपल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये टेलर स्विफ्टने तोही विक्रम मागे टाकला. पण हे विक्रम जरा उलगडून पाहिले की त्यांचं बदललेलं रूप दिसतं. स्विफ्टचा एकच अल्बम अनेक वेगवेगळ्या वेष्टनांत बाजारात आला आणि निष्ठावान चाहत्यांनी एकाहून अधिक प्रती घेतल्या. पूर्वीचं हिट खूप माणसांच्या थोड्या-थोड्या आवडीवर उभं राहायचं, आताचं थोड्या माणसांच्या अपार निष्ठेवर उभं राहतं. म्हणून आकडे वाढतात आणि तरी शेजाऱ्याला ते गाणं माहीत नसतं. आपल्याकडे यूट्यूबवर सगळ्यात जास्त पाहिली गेलेली भारतीय चित्रफीत म्हणजे टी-सीरिजची हनुमान चालीसा. तिची संख्या तीनशे कोटींच्या पुढे कधीच गेली. तिला कुणी हिट म्हणत नाही, तिच्यावर वाद होत नाहीत, पण मक्ता कुणाकडे आहे हे त्या आकड्यावरून कळतं.

मिरवणुकीत जुनीच गाणी का वाजतात, याचंही उत्तर इथेच सापडतं. अमेरिकेतलं तीन-चतुर्थांशाच्या जवळपास ऐकणं आता दीड वर्षाहून जुन्या गाण्यांचं असतं, असं ल्युमिनेटच सांगते. नव्या गाण्याला पूर्वी त्या वर्षीच्या इतर नव्या गाण्यांशी झुंजायचं असायचं. आता त्याची झुंज आजवर ध्वनिमुद्रित झालेल्या प्रत्येक गाण्याशी असते. किशोरकुमार दुकानातून कधीच काढला जात नाही. अशा वेळी मिरवणुकीत सगळ्यांना येणारं गाणं हवं असलेला डीजेवाला जुन्याकडे जाणारच. त्यात त्याचाही दोष नाही आणि पोरांच्या कानांचाही नाही.

सोलापूरला हा सगळा प्रकार नवा वाटू नये. उत्पादन विखुरलं म्हणजे सत्ता विखुरली असं नसतं, हे या गावाने एकदा सोसून पाहिलेलं आहे. 1877 मध्ये इथे जुनी मिल उभी राहिली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की गाव जेवायचं. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि पूर्व भागात गल्लोगल्ली यंत्रमाग उभे राहिले. तेव्हाही म्हटलं गेलं की एका शेठच्या हातून धंदा सुटला, आता विणकर स्वतःचा मालक होईल. झाला का? माग त्याचा झाला, वीजबिल त्याचं झालं, कर्ज त्याचं झालं. सुताचा भाव मात्र दुसऱ्याने ठरवायचा आणि टॉवेलचा भाव तिसऱ्याने. गिरणीत निदान हजेरीपट होता, युनियन होती, फंड होता, समोर उभं राहून भांडता येईल असा मालक होता. विखुरलेल्या मागवाल्याने कुणापुढे उभं राहायचं? गिरणी परत आणा असं कुणी शहाणा माणूस आज म्हणणार नाही. पण गिरणी गेली म्हणून विणकर मुक्त झाला, असं म्हणायलाही या गावात कुणाची जीभ रेटणार नाही.

आजच्या गायकाची अवस्था हीच आहे. माइक त्याचा, मोबाइल त्याचा, चित्रीकरणाचा खर्च त्याचा. गाणं कुणाला दिसेल आणि एका ऐकण्याचे किती मिळतील, हे ठरवणारे दुसरेच. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉक बंद केलं. ते का केलं हा वेगळा विषय आहे. पण त्या एका रात्रीत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी कलावंतांचा सगळा श्रोतावर्ग पुसला गेला, आणि त्यांना दाद मागायला दार नव्हतं. गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेने 2024 पासून नियम केला की वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसेच नाहीत. कंपनीचं म्हणणं, इतक्या किरकोळ रकमा वाटण्यात अर्थ नाही, त्या मोठ्या वाट्यात घालू. एका गाण्यापुरतं ते पटतं. पण गोळा झालेला हा पैसा तळाकडून वर गेला, याला दुसरं काय म्हणायचं?

त्याहून मोठी गोष्ट फार थोड्या श्रोत्यांना माहीत असते. अशा सेवांना आपण महिन्याला जे पैसे भरतो ते आपण ऐकलेल्या गायकांत वाटले जात नाहीत. सगळ्यांचे पैसे एका मडक्यात पडतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा, तितका त्याला मिळतो. तुम्ही महिनाभर फक्त मंगळवेढ्याच्या एका भजनी मंडळाची गाणी ऐकलीत, तरी तुमच्या वर्गणीचा फार मोठा हिस्सा तुम्ही कधी न ऐकलेल्या शिखरावरच्या गायकांकडे जातो. दुसरी पद्धत शक्य आहे. साउंडक्लाउड या दुसऱ्या सेवेने 2021 मध्ये ज्याचे पैसे त्याने ऐकलेल्यालाच, अशी वाटणी स्वतंत्र कलावंतांसाठी सुरू करून दाखवली. यावर कुणी म्हणेल, मोठ्या सेवेच्या एकूण हिशेबात याने फार फरक पडत नाही. शिखरावरच्याला पडणार नाही. ज्याचे दोन हजार पक्के श्रोते आहेत त्याला पडेल, आणि मला त्याचीच काळजी आहे.

कायद्यानेही काही दिलेलं आहे, ते वापरलं जात नाही. चित्रपटगीताचे हक्क निर्मात्याचेच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये दिला होता. ती स्थिती बदलायला 2012 उजाडावं लागलं. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी बाजू लावून धरली आणि कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाण्याच्या वापरातून येणाऱ्या पैशातला, वाटा आता करारात लिहून घेऊनही काढून घेता येत नाही. मुंबईतल्या नामवंतांना याचा फायदा झाला. आपल्या जिल्ह्यात मात्र एखाद्या चॅनलला एकरकमी पैशांत सगळं लिहून देणारे गीतकार आजही आहेत, कारण आपल्याला हा हक्क आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. साहित्य संस्था, महाविद्यालयांचे मराठी-कन्नड-तेलुगू विभाग, वकील संघटना यांपैकी कुणीही हे काम उचलू शकतं. त्याला निधी लागत नाही.

जागांचा प्रश्न मात्र पैशाचा आहे आणि तो सार्वजनिक पैशाचाच असायला हवा. हुतात्मा स्मृती मंदिर महापालिकेचं आहे. बाहेरून आलेल्या मोठ्या कार्यक्रमाला आणि इथल्या शाहिराला तिथे एकच भाडं का असावं? आकाशवाणीचं सोलापूर केंद्र या गावात आहे. गीतरामायण ज्या संस्थेने घडवलं त्याच संस्थेचं हे केंद्र. त्याने आठवड्यातली एक ठरलेली वेळ इथल्या चार भाषांतल्या नव्या गाण्यांना द्यावी, रास्त मानधन देऊन ती ध्वनिमुद्रित करावीत आणि कुणालाही ऐकता येतील अशी खुली ठेवावीत. आता रेडिओ कोण ऐकतं, असा आक्षेप येईल. 1955 मध्येही प्रत्येक घरात रेडिओ नव्हता. विश्वासाने आणि सातत्याने केलेलं काम लोक शोधून ऐकतात, आणि ऐकायला मोबाइल आहेच.

आणि मंडळं. सोलापूरच्या मिरवणुकीची ओळख लेझीम होती, अजूनही जी मंडळं ती जपतात त्यांच्यामागे गर्दी असते. डीजेविरुद्धचा वाद आवाजाच्या डेसिबलवर अडकून पडला आहे. तो वर्गणीच्या हिशेबापर्यंत न्यायला हवा. एका रात्रीच्या डीजेला दिलेला पैसा बहुतांशी यंत्रांच्या भाड्यात जातो. तोच पैसा हलगीवाले, बँजो पार्टी, लेझमाचे वस्ताद आणि एखादा नवा गीतकार यांना दिला तर गणपतीपासून भीमजयंतीपर्यंत गावातल्या किती घरांत काम येईल, हे मंडळांच्या अध्यक्षांनी वर्गणी पुस्तकं छापण्याआधी बसून मांडून पाहावं. याने पुढचं झिंगाट जन्माला येईल का? बहुधा नाही, आणि त्यासाठी हे करायचंही नाही. मंडळाच्या गल्लीत राहणाऱ्या पोराने बांधलेली चाल त्याच गल्लीत वाजली, तिचे पैसे त्याला मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याने दुसरी बांधली, तर एवढ्यासाठीच हे करायचं आहे.